मक्तेदाराचा मनोरा

४ फेब्रुवारी, मंगळवार

'द्रष्टा.' ओंग तियान सेंगच्या पणतूने आज मला जे टिपण दिलं त्याची सुरुवातच या शब्दाने होते. मग 'दानशूर', मग 'सौंदर्याचा भोक्ता'. अफू हा शब्द कुठे सापडतो का म्हणून मी कागद उलटा करूनही पाहिला. नाही.

हा ओंग एकोणिसाव्या शतकातला सिंगापूरचा अफूचा मक्तेदार. इंग्रज सरकार अफू विकण्याचा मक्ता द्यायचं आणि ओंगसारखी माणसं तो घ्यायची. बनारस-पाटण्याहून आलेली कच्ची अफू शिजवायची आणि गोदीवरच्या हमालांना, रिक्षा ओढणाऱ्यांना विकायची. दिवसभर राबलेला माणूस रात्री त्याच्याच दुकानात झिंगून पडायचा आणि सकाळी पुन्हा कामाला. माझी पीएच.डी. ह्याच मक्त्यांवरची. म्हणून तर विद्यापीठाने हा प्रकल्प माझ्या गळ्यात घातला.

पणतूचं नाव डेस्मंड ओंग. वकील आहे आणि घराचा विश्वस्तही. त्या घराचा आता मेंबरांसाठीचा क्लब होणार, जूनमध्ये उद्घाटन. दिवाणखान्यात लावायच्या फलकांवरचा इतिहास मी लिहायचा. डेस्मंड फार मऊ आवाजात बोलतो. अशा माणसांचा मला जास्तच संताप येतो. त्यांच्यावर ओरडायचीही सोय नसते.

घर मात्र सुंदर आहे, हे कबूल करावंच लागेल. १८८६ सालचं, नोव्हेनाच्या मागच्या चढावर, झाडीत दडलेलं. अस्सल इटालियन धाटणी. गोल माथ्याच्या खिडक्यांच्या जोड्या, बाहेर झेपावलेलं छप्पर, त्याखाली नक्षीचे ब्रॅकेट आणि एका कोपऱ्यावर चौकोनी मनोरा. ओंगने इटली कधी पाहिली नव्हती. कुठल्याशा इंग्रजी नमुन्यांच्या पुस्तकातलं चित्र कंत्राटदारासमोर ठेवून त्याने हे बांधून घेतलं. वर उभं राहिलं की तेव्हा बंदर दिसायचं म्हणे. आपल्या पेट्या घेऊन येणारी आगबोट तो वरून बघायचा. द्रष्टा! तेवढं बरोबर आहे, नजर लांबवर होती मेल्याची.

घरी येऊन प्रबोधला सगळं सांगितलं. तो फरसबी चिरत ऐकत होता. म्हणाला, "काम तर घेतलंस. मग इतकी चिडून करणार कशी?"

चिडल्याशिवाय मला काहीही करता येत नाही, हे नवऱ्याला अजून कळू नये!

१५ फेब्रुवारी, शनिवार

घरात एक बाई अजून राहतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. रोझ आंटी. सत्त्याऐंशी वर्षांच्या, किडकिडीत, काठी घेऊन चालतात. स्वयंपाकघरामागच्या दोन खोल्या त्यांच्या. जन्म ह्याच घरातला. तरुणपणी टेलिफोन ऑपरेटर होत्या, बाहेर खोली घेऊन राहायच्या. मग डेस्मंडची आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तिची शुश्रूषा करायला नोकरी सोडून परत आल्या. ती जाऊनही आता किती वर्षं झाली.

डेस्मंडने दिलेल्या वंशावळीत त्यांचं नाव नाही. विचारलं तर म्हणाला, "लांबच्या आहेत. आम्ही मानाने आंटी म्हणतो." वंशावळ सोयीने छाटायची पद्धत आपल्याकडेही आहे. मी पुढे खोदलं नाही. पण लांबच्या कसल्या? दिवाणखान्यातल्या तैलचित्रात म्हातारा ओंग बसलाय, त्याचं ते पसरट नाक आणि लोंबत्या कानाच्या पाळ्या जशाच्या तशा ह्यांच्या तोंडावर. रक्त लपत नाही.

मोठ्या आशेने रेकॉर्डर लावला. बाईंनी सुरुवात केली ती चुलीपासून! कोळसा कुठे साठवायचे, राख कशी काढायची, हात कुणाचे भाजायचे. मी अफूचं विचारते, ह्या पाट्या-वरवंट्याचं सांगतात. मी मक्त्याच्या लिलावाचं विचारते, ह्या सांगतात की समोरची बाजू इटलीची असेल, पण मागची नाही. मागे कायम धूर. खायला मात्र तांदळाचा लाल क्वे दिला, आत मुगाचं पुरण. फार चांगला होता. सकाळ फुकट गेली नाही म्हणायचं ती तेवढ्यापुरतीच.

निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "तू विद्यापीठातली डॉक्टर. डेस्मंड तुझं ऐकेल. त्याला विचार, क्लब झाल्यावर मी कुठे झोपायचं?"

विचारते म्हटलं.

३ मार्च, सोमवार

पहिला मसुदा पाठवला होता, तो आज परत आला. एका फलकावर शंभर शब्द मावतात. त्यात मी 'अफूचा मक्ता' हे दोन शब्द घातले होते, अगदी साधे, विशेषणाविना. त्यांच्या जागी आता आहे 'विविध व्यापार'.

विविध व्यापार! म्हणजे जिरं-मोहरी विकत होता जसा काही.

फोन केला. डेस्मंड म्हणाला, "लोक इथे जेवायला येणार आहेत, डॉक्टर." मी म्हटलं, हे घर उभं राहिलं त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांना जेवण मिळत नव्हतं. तो म्हणाला, तुमच्या भावना मी समजू शकतो. भावना? सरकारी गॅझेटात छापलंय ते. माझ्या भावनांचा काय संबंध?

लिटिल इंडियात कोथिंबीर आणायला गेले आणि तिथल्या दुकानदाराशीही भांडून आले.

२२ मार्च, शनिवार

आज रोझ आंटींकडे शेवटचा प्रयत्न करायचा असं ठरवून गेले. आज थेट विचारलं: तोके, म्हणजे शेठ, ओंगशेठ, माणूस म्हणून कसा होता? घरात काय सांगायचे लोक?

मग त्या आह कुई नावाच्या मुलीचं सांगायला लागल्या. चीनमधून बोटीने आलेली, आठ वर्षांची. तेव्हा गरिबाघरच्या मुली विकत घेऊन घरकामाला ठेवायचे, त्यांना मुई त्साई म्हणत, त्यातली एक. आह कुई हे नावही इथेच ठेवलेलं. तोके रोज सकाळी मनोऱ्यावर जाई आणि तिला वर चहा न्यावा लागे. जिना अरुंद. चहा सांडला की मार.

"लहान होती तेव्हा चहा ठेवून लगेच खाली यायची," रोझ आंटी म्हणाल्या. "मोठी झाल्यावर लगेच येत नसे."

मला एकदम सुचलं. मी विचारलं, त्याच्याकडे वर दुर्बीण होती का? आगबोटी बघायला? फलकासाठी किती छान तपशील होईल तो.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हो. दुर्बीण होती."

चला, एक तरी गोष्ट मिळाली. पुढे त्या बोलतच होत्या, त्या मुलीला स्वयंपाकघरात मूल झालं, ते तोकेचं नाक घेऊन आलं, मोठ्या बायकोने तिच्या लेकीला आयुष्यभर भांडी घासायला लावलं, वगैरे. मी रेकॉर्डर बंद केला, बॅटरी संपत आली होती. मालकांच्या ह्या भानगडी त्या काळच्या प्रत्येक मोठ्या घरात. कधीतरी त्यावर वेगळा लेख होईल. आत्ता मला मक्ता हवाय.

प्रबोध मला न्यायला आला होता. मी गेटजवळ फोनवर बोलत होते तोवर तो आत त्यांच्याशी गप्पा मारत बसला. त्यांनी त्यालाही क्वे दिला. त्याला सगळीकडे खायला मिळतं.

१२ एप्रिल, शनिवार

हा आठवडा भांडणांचा. विभागप्रमुखांनी बोलावून सांगितलं की ओंग कुटुंब विद्यापीठाचं जुनं स्नेही आहे, जरा सांभाळून. मी म्हटलं, स्नेही कुणाचंही असो, इतिहास आपला आहे. ते म्हणाले, तुमचा वर्क पास पुढच्या वर्षी रिन्यू व्हायचाय ना? ही धमकी होती की काळजी, मला कळलं नाही. मी धमकीच धरून चालले.

डेस्मंडला तीन पानी पत्र लिहिलं. त्यात बनारसच्या शेतकऱ्यापासून इथल्या रिक्षावाल्यापर्यंत सगळी साखळी मांडली. मी इतकं चांगलं बऱ्याच दिवसांत लिहिलं नव्हतं.

प्रबोधला वाचून दाखवलं. संपल्यावर त्याने विचारलं, "आणि त्या बाईंचं काय ठरलं?"

"कुठल्या बाईंचं?"

"रोझ आंटींचं. त्या कुठे राहणार?"

मी इथे एका अख्ख्या व्यापाराच्या पापावर बोट ठेवतेय आणि ह्याला घरभाड्याची चिंता! सांगितलं मी त्याला, तुला मुद्दा कधी कळतच नाही. तो उठून डाळ भिजत घालायला गेला. त्याच्या डाळ भिजत घालण्याचाही मला राग येतो.

१७ एप्रिल, गुरुवार

उत्तर नाही. डेस्मंड प्रवासात आहे म्हणे. रोझ आंटींचा मिस्ड कॉल होता. मुद्द्याचं काही असेल तर पुन्हा करतील.

६ मे, मंगळवार

जिंकले!

असं वाटलं होतं, साधारण दहा मिनिटं.

डेस्मंडने घरी बोलावलं. मजुरांनी जुना गिलावा काढून नवा लावलाय, कठडे पांढरेशुभ्र, मनोऱ्यावर दिवे. दारातच म्हणाला, तुमचं पत्र मी नीट वाचलं, तुमचं म्हणणं बरोबर आहे. मक्ता फलकावर जाईल, अफू हा शब्द जाईल, हवं तर मोठ्या अक्षरात. इतक्या दिवसांचा दारूगोळा साठवून ठेवलेला आणि समोर किल्ल्याचं दार उघडं.

मग त्याने बारचं मेन्यूकार्ड दाखवलं. त्यात एका कॉकटेलचं नाव: 'द ओपियम फार्मर', म्हणजे अफूचा मक्तेदार. म्हणाला, मार्केटिंगवाल्यांना तुमचं पत्र फार आवडलं. पाहुण्यांना थोडा काळोखा इतिहास हवाच असतो, त्याने घराला व्यक्तिमत्त्व येतं.

मी ते कार्ड हातात धरून उभी होते. ते फाडायला हवं होतं. मी ते टेबलावर ठेवलं आणि थँक यू म्हटलं! थँक यू! नोव्हेनाच्या स्टेशनात उतरेपर्यंत मी स्वतःला शिव्या घालत होते.

निघताना स्वयंपाकघराकडे डोकावले. तिथे आता स्टीलचे ओटे. मागच्या खोल्यांमध्ये वाइन ठेवायची सोय करताहेत. रोझ आंटींना मागच्याच आठवड्यात आंग मो किओमधल्या एका नर्सिंग होममध्ये हलवलं. डेस्मंड म्हणाला, चांगलं आहे, हसत गेल्या. बरं झालं, त्या वयात एकटीने राहण्यापेक्षा बरंच.

पण ते कॉकटेल!

३० मे, शुक्रवार

हे नीट लिहायला हवं. सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही.

आज घरूनच काम होतं. सकाळी प्रबोध डबा भरत होता तेव्हा पाहिलं, दुसऱ्या छोट्या डब्यात मऊ भात, वर तूप. विचारलं कुणासाठी. तो म्हणाला, रोझ आंटींसाठी. त्याचं ऑफिस आंग मो किओला, होम तिथून चालत जाण्यासारखं. दर शुक्रवारी लंचला जातो म्हणे. पहिल्या आठवड्यापासून.

मी भडकले. माझा प्रकल्प, माझी बाई, आणि हा माझ्यामागे परस्पर जातो! मला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "दोनदा सांगायला गेलो. दोन्ही वेळा तू कॉकटेलवर बोलत होतीस."

मग त्याने डबा बंद केला आणि खुर्चीवर बसला. ऑफिसला उशीर होत असताना प्रबोध बसत नाही, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"चैत्राली, आह कुई कोण होती तुला माहीत आहे ना?"

"घरातली मोलकरीण. मुई त्साई."

"ती रोझ आंटींची आजी."

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

बाकीचं त्याने सावकाश सांगितलं. मनोऱ्यावर जे व्हायचं त्यातून झालेली मुलगी म्हणजे रोझ आंटींची आई. वडील घराचा मालक, आणि ती जन्मभर त्याच घरात भांडी घासणारी. रोझ आंटी त्याच स्वयंपाकघरात जन्मल्या. नोकरांच्या मुलांना घराचं आडनाव लावायची पद्धत, म्हणून त्यांचंही आडनाव ओंग. पण रक्ताने त्या खऱ्याच ओंग, त्या मक्तेदाराची सख्खी नात. डेस्मंडपेक्षा एक पिढी जवळची. डेस्मंडच्या आजीने मरताना त्यांना शब्द दिला होता: मरेपर्यंत ह्या खोल्या तुझ्या. कागदावर काही नाही.

"त्यांनी हे तुला का सांगितलं?" मी विचारलं. आता लाज वाटते, पण पहिला प्रश्न हाच आला.

"त्यांनी आधी तुलाच सांगितलं. तीन-चार वेळा. तू विचारलंस दुर्बीण होती का."

दार ओढून तो गेला. हळूच ओढलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

२ जून, सोमवार

डेस्मंडच्या ऑफिसात गेले, वेळ न घेता. जाताना डोक्यात नुसता जाळ होता. त्याच्या आजीने दिलेला शब्द, सत्त्याऐंशी वर्षांची बाई, वाइनच्या बाटल्या, सगळं एका दमात बोलले. त्याच्या सेक्रेटरीने दार लावून घेतलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. नाकारलं काहीच नाही. रोझ आंटी कोण आहेत हे घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणाला. शब्दही दिला होता, तोंडी. पण विश्वस्त मंडळात बाकीचेही आहेत, मी एकटा काय करणार. मी म्हटलं, तुम्ही वकील आहात, काहीही करू शकला असता.

तेव्हा तो म्हणाला, त्याच मऊ आवाजात, "डॉक्टर, तुम्ही तीन महिने माझ्याशी भांडलात. पत्रं लिहिलीत. बोर्डात एक-दोघं डळमळीत होते, मी वाट पाहत होतो की बाहेरचं कुणी रोझ आंटींबद्दल विचारेल. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. मला वाटलं तुम्हालाही हे मान्य आहे."

खोटं बोलत असेल. स्वतःची कातडी वाचवायला माझ्यावर ढकलत असेल. वकीलच तो. बसमध्ये मी स्वतःला हेच सांगत होते. पण खोटं असलं तरी त्यातलं 'एकदाही विचारलं नाहीत' हे खोटं नाही.

७ जून, शनिवार

रोझ आंटींकडे जाऊन आले.

सहा जणींची खोली. खिडकीजवळची खाट दुसऱ्या कुणाची, ह्यांची दाराजवळ. टीव्ही मोठ्याने. प्रबोध बाहेर थांबतो म्हणाला. मी त्यांच्यासाठी क्वे नेला होता, विकतचा. त्यांनी तो उघडला, हुंगला आणि शेजारच्या बाईला देऊन टाकला.

मी क्षमा मागितली. इंग्रजीत ते वाक्य फार गुळगुळीत येतं, सेमिनारला उशीर झाल्यासारखं. त्यांनी हात झटकला.

"तुझा राग मला आवडला होता," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी वाटलं, ही बाई मोठ्याने बोलते, हिला डेस्मंड घाबरेल. पण तू सगळा राग म्हाताऱ्यावर संपवलास. तो तर मेलाय गं. त्याला काय फरक पडतो?"

ऐकून घेतलं. मग मी माझी योजना मांडली. उद्घाटनाला अजून आठवडा आहे. फलकावर आह कुईचं नाव घालायला लावते. नाही घातलं तर वर्तमानपत्रात लिहिते, पास जायचा तर जाऊ दे. सगळ्या शहराला कळू दे ते घर कुणाच्या जिवावर चाललं. बोलता बोलता माझा आवाज चढला, पलीकडची बाई टीव्ही सोडून आमच्याकडे बघायला लागली.

रोझ आंटींनी काठी जमिनीवर आपटली. "नाही."

"का?"

"मग एक कॉकटेल तिच्या नावाचंही करतील."



त्या पुढे म्हणाल्या, त्याच्या घरात तिचं नाव नको. तिने त्या घरातून बाहेर पडायला आयुष्य घालवलं. म्हातारा मेल्यावर मोठ्या बायकोने तिला हाकलली, लोकांना वाटलं बिचारी, पण ती नाचत गेली. पुलाउ उबीन बेटावर खाणीत काम करणाऱ्या एका विधवेने तिला घरात घेतलं. तिथे कोंबड्या पाळल्या, म्हातारी झाली, तिथेच मेली. लेक मात्र मोठ्या बायकोने दिली नाही, ती मागे राहिली. लहानपणी रोझ आंटी बोटीने आजीकडे जायच्या. मेल्यावर तिला बेटावरच पुरलं.

"काही करायचं असेल तर मला तिथे ने," त्या म्हणाल्या. "चिंग मिंगच्या महिन्यात, पितरांना जेवण ठेवायला जाणार होते. तेव्हा डेस्मंडचे लोक सामान बांधत होते. मी तुला फोन केला होता."

१४ जून, शनिवार

आज क्लबचं उद्घाटन. गेले नाही. फलकावरून माझं नाव काढा असं कळवलं होतं, डेस्मंडने लगेच काढलं. वाद नाही, प्रश्न नाही. मजकूर तोच राहिला, अफूसकट. फोटो आलाय. फलकाखाली दोन बायका हातात ग्लास घेऊन हसताहेत. मी फोटो पुसला, पुन्हा शोधून काढला, पुन्हा पुसला.

नर्सिंग होमच्या परवानगीसाठी चार फोन केले. कुणावरही ओरडले नाही. ओरडले असते तर दिली नसती.

२९ जून, रविवार

आज उबीनला जाऊन आलो.

चांगीच्या धक्क्यावर सायकलवाल्यांची गर्दी. बंबोट, म्हणजे बेटावर नेणारी छोटी लाकडी बोट, भरेपर्यंत सुटत नाही, तोवर रोझ आंटी बाकावर ताठ बसून होत्या, केस विंचरलेले, निळा जाकीट-ब्लाउज. चढताना प्रबोधने त्यांना जवळजवळ उचललंच. मी काठी आणि पिशवी धरली. पिशवीत उदबत्त्या, संत्री आणि उकडलेली कोंबडी. कोंबडी त्यांनी होमच्या आचाऱ्याकडून भांडून करून घेतली होती.

बेटावर व्हॅन केली. जुन्या खाणीच्या मागे, रबराच्या झाडांत उतरलो. पायवाट मोडलेली. त्यांना अजून आठवत होतं: इथे विहीर होती, इथे पत्र्याचं घर. थडगं लहान, गवतात बुडालेलं, दगडावरची अक्षरं जवळजवळ गेलेली. प्रबोधने गवत उपटलं. ऊन फार होतं, मी छत्री धरली.

मला वाटलं होतं त्या रडतील. खरं सांगायचं तर त्या वेळी काय बोलायचं ते मी मनात ठरवूनही ठेवलं होतं.

त्यांनी उदबत्त्या लावल्या, कोंबडी मांडली, तीनदा वाकल्या. मग सरळ उभ्या राहिल्या आणि ओरडायला लागल्या. होक्कियनमध्ये. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण ओरडण्याची भाषा मला चांगली येते. ती प्रार्थना नव्हती. त्या आजीला झापत होत्या. काठीने दगडावर फटका मारला, एकदा, पुन्हा. मानेच्या शिरा फुगल्या. सत्त्याऐंशी वर्षांच्या देहात एवढा आवाज कुठून येतो? व्हॅनवाला उतरून बघायला आला. प्रबोधने त्याला हाताने थांबवलं.

मला भीती वाटली, ह्यांना काही होईल. खांद्याला हात लावला. डोळे मात्र कोरडे.

"काय म्हणालात तिला?" मी विचारलं.

त्यांना धाप लागली होती. जरा थांबून इंग्रजीत म्हणाल्या, "मनोऱ्याचा कठडा कमरेएवढा आहे. तो रोज तिथे टेकून उभा राहायचा. पाठ हिच्याकडे. रोज. मी विचारलं, धक्का का नाही दिलास?"

गवतात कुठेतरी किडे ओरडत होते. पूर्वीची मी असते तर काहीतरी बोलले असते, त्या काळातल्या स्त्रियांच्या परिस्थितीबद्दल वगैरे. तोंडात एवढंच आलं की मग तिला फाशी दिलं असतं. आणि तुमची आई...

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आई झाली नसती. मी झाले नसते. मला काय ते कळत नाही?" पदराने पुसावा तसा त्यांनी बाहीने चेहरा पुसला. "तरी ढकलायला हवं होतं."

मग त्यांनी माझा हात खांद्यावरून बाजूला केला, काठी नीट रोवली आणि पुन्हा दगडाकडे वळल्या. त्यांचं अजून संपलं नव्हतं. प्रबोध व्हॅनवाल्याला आणखी थांबायला सांगून आला. मी छत्री त्यांच्या डोक्यावर धरून उभी राहिले.